तळ वजा जाता

१

त्या खोलीत दिवसभर तारे मरायचे आणि कुणाचा चहासुद्धा गार व्हायचा नाही.

वर आकाशात एक दुर्बीण पृथ्वीभोवती फिरत असे. तिला डोळा असा नव्हताच, नुसते मोजणारे ठोकळे होते. गॅमा किरणांचा एकेक कण येऊन आदळला की आकडा एकाने पुढे सरकायचा. मधूनच, कल्पनेपलीकडे लांब, एखादा तारा कोसळायचा आणि आकडा एकदम उसळी घ्यायचा. तो स्फोट. काही क्षणांत सगळं आटपायचं. मग या खोलीतली माणसं त्याची नोंद करायची: कधी आला, कुठून आला, किती टिकला, किती जोराचा होता. अशा नोंदींची एक मोठी सूची तयार होत होती.

त्या माणसांपैकी एक म्हणजे धाकटा. हे त्याचं घरातलं नाव. कामावर त्याला सगळे मुनी म्हणत. तो तोंड उघडतो ते फक्त जांभई द्यायला, असं शेजारच्या टेबलावरच्या लंबूचं म्हणणं होतं. लंबू इतका उंच की दुकानातली कुठलीही पँट त्याच्या घोट्याच्या वर थांबायची, आणि इतका बोलका की दोघांच्या वाटचं तो एकटाच बोलून घ्यायचा. त्यामुळे दोघांचं छान जमायचं.

आता कामाची मेख अशी, की स्फोट नसतानाही ते ठोकळे गप्प नसत. आकाश कधीच पुरतं मुकं नसतं. कुठून कुठून कण येत राहतात, पत्र्यावर बारीक वाळू पडत राहावी तसे. या कायमच्या भुरभुरीला खोलीत 'तळ' म्हणत. स्फोट मोजायचा तर आधी तळ काढून टाकावा लागे. पडद्यावर स्फोटाच्या आधीची थोडी शांतता निवडायची, नंतरची थोडी निवडायची, तिथे दोन निळे पट्टे ओढायचे. यंत्र त्या दोन्हींना जोडणारी रेघ मारी आणि रेघेखालचं सगळं वजा करी. उरेल तो स्फोट.

पट्टे ओढणं हातानेच करावं लागे आणि सगळं कसब त्यातच होतं. खोलीच्या प्रमुख बाई नव्या माणसाला पहिल्या दिवशी एवढंच सांगत, "स्फोट काय, कुणालाही दिसतो. शांतता ओळखायला शिका. जे सतत असतं ते आपण मोजत नाही, वजा करतो."

धाकट्याला ते वाक्य तेव्हा फार आवडलं होतं. शांत बसून शांतता निवडायची आणि तिचा पगार मिळायचा, हे काम जणू त्याच्यासाठीच कुणीतरी काढलं होतं.

एका सकाळी त्याने असाच एक स्फोट उघडला, पट्टे ओढले, तळ वजा केला, आणि पाहिलं तर स्फोटाच्या शेजारी आलेख शून्याच्या खाली गेला होता. खळगा पडला होता. यात आश्चर्य काही नव्हतं. पट्टा चुकीच्या जागी पडला की जास्त वजा होतं आणि असा खळगा पडतो. पण ते खळगे उथळ असतात, कडांना विरत गेलेले. हा सरळ होता. दोन्ही बाजूंना उभी कड, मधे सपाट. जणू तेवढा वेळ आकाशातलं काहीतरी, जे नेहमी तिथे असायचं, ते उठून बाहेर गेलं होतं.

त्याने बाईंना दाखवलं. बाईंनी चष्म्यावरून एक नजर टाकली आणि पट्टा जरा आत घ्यायला सांगितला. त्याने घेतला. रेघ वाकली, खळगा बुजला, आलेख गुळगुळीत झाला. धाकट्याने नोंद केली आणि पुढचा स्फोट उघडला.

२

घर म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, एका जुन्या इमारतीच्या मधल्या मजल्यावर. घरात तिघं. बाबा, ताई आणि तो.

बाबांनी जन्मभर एका मोठ्या दुकानात लिफ्ट चालवली होती. आता त्यांना ऐकू कमी यायचं आणि ते खिडकीपाशी बसून असायचे. कुणी विचारपूस केली की म्हणायचे, "आयुष्यभर वर गेलो, खाली आलो. पोचलो कुठेच नाही." हा विनोद ते रोज नव्याने करत आणि ताई रोज नव्याने हसत असे.

आई गेली तेव्हा धाकटा अगदी लहान होता. ताई शाळेत होती, ती त्या वर्षी शाळेतून निघाली आणि आईच्या शिलाई मशीनवर बसली ती बसलीच. पडदे, अभ्रे, गणवेश. स्वयंपाकघराच्या दाराशी तिचं मशीन असे आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ते चालू असे. नवा माणूस घरी आला की विचारायचा, या आवाजात तुम्हाला सुचतं तरी कसं? घरच्यांना तो प्रश्नच कळत नसे. कुठला आवाज?

त्या संध्याकाळी धाकटा कामावरून आला, मोरीत हात धुवायला गेला आणि थबकला. काहीतरी कमी होतं. काय, ते कळायला त्याला बराच वेळ लागला. बेसिनचा नळ गळत नव्हता.

तो नळ त्याला आठवतंय तेव्हापासून गळत होता. प्लंबर येऊन हात टेकून गेले होते. रात्री त्या टपटपीने बाबांची झोपमोड होऊ नये म्हणून ताई झोपण्याआधी नळाखाली घडी केलेलं फडकं ठेवायची. थेंब पडून पडून बेसिनमध्ये एक पिवळा ओघळ उमटला होता, घासून न जाणारा.

ओघळही नव्हता. बेसिन पांढरं स्वच्छ होतं.

त्याने ताईला विचारलं, नळ कुणी दुरुस्त केला. मशीन न थांबवता तिने उलट विचारलं, कुठला नळ. तो म्हणाला, मोरीतला, गळणारा. ताईने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. बाबाही खिडकीपाशी बसूनच म्हणाले की या घरातलं सगळं मोडेल पण तो नळ मोडणार नाही, इतका चांगला आहे. ताई हसली. धाकटाही हसला, कारण दुसरं काय करायचं ते त्याला सुचेना.

झोपताना त्याने मुद्दाम पाहिलं. नळाखाली फडकं नव्हतं. ताई तिकडे फिरकलीसुद्धा नाही.

३

माणसाचं डोकं मोठं सोयीस्कर असतं. दोन दिवसांत धाकट्याने स्वतःची समजूत घातली. गळणारा नळ दुसऱ्या कुठल्या घरातला असेल, लहानपणीचा. दोन आठवणी एकमेकींत मिसळल्या असतील. आठवड्याने तर तो विषयच त्याच्या डोक्यातून गेला.

मग दुसरा खळगा आला. तसाच, उभ्या कडांचा. हात आपसूक चालला. पट्टा आत, रेघ खाली, खळगा बुजला. तो पुढे सरकला.

संध्याकाळी बाबांना औषध देताना तो मधेच थांबला आणि छताकडे बघत राहिला.

वरच्या मजल्यावर एक मास्तर राहायचे. मुलगा, सून आणि ते. दम्याचा खोकला होता त्यांना. दिवे लागले की सुरू व्हायचा आणि लोक झोपेपर्यंत चालायचा. धाकट्याने अभ्यास केला तो त्या खोकल्याखाली, तापाने फणफणला तो त्या खोकल्याखाली. आज वर काही नव्हतं.

त्याने ताईला विचारलं नाही. त्याने चप्पल अडकवली आणि जिना चढला.

सुनेने दार उघडलं. धाकट्याने खाली बघत विचारलं, मास्तर बरे आहेत ना, आज आवाज नाही आला. तिने दोनदा विचारून घेतलं, कोण मास्तर. आमच्याकडे कुणी मास्तर नाही, ती म्हणाली, सासरे तर लग्नाआधीच गेले, मी त्यांना पाहिलेलंही नाही. ती चिडली नव्हती. खालचा लाजरा मुलगा पहिल्यांदाच वर आला होता आणि काहीतरी गोंधळ करत होता, म्हणून उलट तिला त्याची दया आली असावी.

तिच्या खांद्यावरून त्याला खोली दिसली. खिडकीशी एक खुर्ची होती. तिच्या दोन्ही हातांवरचं पॉलिश उडून आतलं लाकूड दिसत होतं. बसण्याच्या जागेला खोल खड्डा पडला होता. त्यात धुतलेले कपडे रचून ठेवलेले होते.

"ती खुर्ची कुणाची?" त्याने विचारलं.

तिने वळून पाहिलं. "ती होय? कुणास ठाऊक. आहे आधीपासून. टाकून देऊ म्हणते, पण मन होत नाही." बोलता बोलता ती खुर्चीपाशी गेली आणि तिने पाठीवर हात ठेवला, एखाद्याच्या खांद्यावर ठेवावा तसा. तिचे डोळे भरून आले. तिने घाईघाईने पदर लावला. "माफ करा हं. हल्ली मला असं उगाचच होतं."

४

धाकटा जिन्यात बसून राहिला. येणारेजाणारे त्याला ओलांडून गेले.

नळाचं एक वेळ ठीक होतं. पण माणूस? घरातल्या माणसाला घरातली माणसं विसरतात? आणि विसरतात असं म्हणावं तर मग ते गेले कुठे? त्याने आपल्या मनाशी दोन्ही बाजूंनी वाद घातला. आपल्याला भास होतोय, असं धरलं तर सगळं जुळत होतं, फक्त त्या खुर्चीचं काय करायचं ते कळत नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्याला टोचत होती. सगळे विसरले, मग मीच का नाही विसरलो? सुनेने इतकी वर्षं तो खोकला ऐकला, पाणी दिलं, पाठ चोळली. तिच्याकडे काही उरलं नाही. मी त्यांच्याशी कधी धड बोललोही नव्हतो, आणि मला त्यांच्या खोकल्यातला तो शेवटचा लांब श्वाससुद्धा आठवतो.

उत्तर त्याच्याजवळ होतं, फक्त ते उच्चारायची त्याची तयारी नव्हती. पट्टा त्याने ओढला होता. खळगा त्याने बुजवला होता. ज्याने बुजवलं, त्यालाच ठाऊक की तिथे काय होतं.

तो घरात आला, दाराशी उभा राहिला आणि त्याने कान देऊन ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो आपलं घर ऐकत होता. नळ नाही. वर खोकला नाही. बाबा गप्प. या घरात आता सतत असणारी एकच गोष्ट राहिली होती. स्वयंपाकघराच्या दाराशी ती चालू होती, न थांबता, मान खाली घालून.

"उभा का?" ताईने विचारलं. "जेवायला वाढू?"

५

तिसरा खळगा आला तेव्हा त्याने पट्ट्याला हात लावला नाही. एका चिठ्ठीवर 'हात लावू नये' असं लिहिलं, ती पडद्याच्या कडेला चिकटवली आणि दुसऱ्या स्फोटांकडे वळला.

असं किती दिवस चालणार? सूची बंद करायची वेळ जवळ आली होती. बाईंनी विचारलं, हा एकच का अडकलाय. धाकटा म्हणाला, मला खात्री नाही. बाई म्हणाल्या, कशाची? वजा आकडा छापायचा का आपण? लोक विचारतील, हा तारा जळला की विझला. खोलीत हशा पिकला. धाकट्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने एवढंच मागितलं की हा स्फोट सूचीतून गाळावा. बाई म्हणाल्या, पट्टा हलवायचा कंटाळा आला म्हणून आकाशात घडलेली गोष्ट घडली नाही असं म्हणायचं? आठवड्याच्या आत करून टाक.

त्या आठवड्यात घरात काहीतरी पातळ होत चाललं. दुसरा शब्द त्याला सापडत नव्हता. ताईने हाक मारली तर बाबा आधीपेक्षा उशिरा वळत. दूधवाल्याने ताईच्या हातात पिशवी देता देता पिशवी खाली ठेवली आणि पैसे घ्यायला मागे धाकट्याकडे पाहिलं. ताई हसून म्हणाली, "माझा भाव उतरला वाटतं."

जेवणाच्या सुट्टीत त्याने लंबूला सगळं सांगितलं. आयुष्यात तो इतकं एकदम कधी बोलला नव्हता. लंबूने चेष्टा केली नाही. त्याने ऐकून घेतलं, डबा बंद केला आणि म्हणाला, "मुनी, तू किती वर्षांत सुट्टी घेतली नाहीस?"

"तो स्फोट तसाच राहू दे. एवढंच माझ्यासाठी कर."

"राहू दे म्हणतोस तर राहू दे. तू आधी घरी जा."

धाकट्याने सुट्टी टाकली. कुणी पाहत नाही तेव्हा माणसं जात असतील, तर आपण पाहत बसू, असा त्याचा साधा हिशोब होता.

६

पाहायला बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण ताईला कितीतरी वर्षांत पाहिलेलंच नाही. तिचे कानामागचे केस पांढरे झाले होते. कधी झाले? चष्म्याची दांडी तिने दोऱ्याने बांधली होती, आणि तो दोरासुद्धा जुना झाला होता. डाव्या तर्जनीच्या टोकाला सुईने पडलेला एक निळसर ठिपका होता. त्या ठिपक्याशिवाय ते बोट कसं दिसायचं, हे त्याला आठवेना.

सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी लंबू आला, नवी पँट घेऊन. ताई नेहमी त्याच्या पँटीची दुमड उसवून ती लांब करून द्यायची. तिने टेप लावला आणि विचारलं, अजून वाढताय की काय. लंबू म्हणाला, ताई, तुम्ही दुमड सोडत गेलात तर मीही वाढत जाईन, मला काय. बाबांनी त्याला सांगितलं की असा उंच माणूस लिफ्टमध्ये आला की त्यांना नेहमी वाटायचं, याला काय गरज. घरात हसणं झालं. ताई लंबूला दारापर्यंत सोडायला गेली. दोघं तिथे जरा वेळ उभे राहिले. ती हळू आवाजात काही म्हणत होती, आणि लंबू मान हलवत होता. धाकट्याला वाटलं, शिलाईचं काही असेल.

ती परत आली. त्याने स्टूल ओढून मशीनसमोर मांडलं.

"असा का बघतोयस?"

"ताई, एकदा मोठ्याने ओरड ना."

"कशाला?"

"सहज."

"शेजारी म्हणतील, हिला आता लागलं वेड. आधी का नाही लागलं, हेच नवल." ती दोरा ओवू लागली. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिने सुई खाली ठेवली. "काय झालंय तुला?"

ते सांगायचं सोडून त्याने विचारलं, तुला काय करायचं होतं, हे मशीन नसतं तर. असा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता.

"कोपऱ्यावरून ती बस जाते बघ. शाळेत असताना मला वाटायचं, एकदा तिच्यात बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जावं. तिथे काय आहे ते बघावं."

"मग गेली का नाहीस?"

"तू दुपारी शाळेतून यायचास ना."

एवढं बोलून तिने पाय चालवायला सुरुवात केली. तिने ते काही मोठं म्हणून सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, रविवारी जाऊ. दोघं जाऊ, शेवटच्या थांब्यापर्यंत. ती म्हणाली, बघू, पडदे द्यायचेत. तो हट्टाने म्हणाला, बघू नाही, जाऊ. ती म्हणाली, बरं बाबा, जाऊ.

बाहेर ऊन उतरत होतं. मशीनचा आवाज एकसारखा चालला होता. त्याने स्वतःला बजावलं, डोळे हलवायचे नाहीत. कापड सुईखालून सरकत होतं, पांढरं, लांबलचक, पलीकडे घडीवर घडी पडत होती. चाक फिरत होतं. पायपट्टी खालीवर होत होती.

पायपट्टीवर पाय नव्हते.

किती वेळ, ते त्याला सांगता आलं नसतं. कापड सरकत होतं आणि त्याला धरणारा हात नव्हता. समोरच्या खुर्चीची पाठ त्याला पूर्ण दिसत होती, मधल्या फळीवरच्या चिरेसकट. बसण्याच्या जागेला मात्र खोलवर दाब पडला होता, आणि तो दाब श्वासाबरोबर किंचित हलत होता.

"ताई."

"काय रे?" तिने दोरा दाताने तोडला. पाय होते, हात होते, चष्मा नाकावर घसरलेला होता. "रडतोस कशाला वेड्यासारखा? म्हटलं ना, जाऊ म्हणून."

त्याने तिचा पदर मुठीत धरला, लहानपणी गर्दीत धरायचा तसा. तिने सोडवून घेतला नाही. एका हाताने तिने काम चालू ठेवलं.

७

सुट्टी संपवून मुनी कामावर आला तेव्हा त्याला बरं वाटत होतं. घरात बापलेक दोघंच. स्वयंपाक, केर, बाबांची औषधं, सगळं उरकून निघायला त्याला रोज उशीर व्हायचा, पण या सुट्टीत विश्रांती झाली होती. घर फार शांत होतं. छातीत डाव्या बाजूला काहीतरी जड ठेवल्यासारखं वाटायचं, ते कधीतरी डॉक्टरांना दाखवायचं त्याने ठरवलं होतं.

त्याच्या पडद्याच्या कडेला एक चिठ्ठी होती. 'हात लावू नये.' अक्षर त्याचंच होतं. कशाला हात लावू नये, ते त्याला आठवेना. त्याने चिठ्ठी काढून टोपलीत टाकली.

लंबू आला तोच खुशीत. मुनीचा अडलेला तो स्फोट त्याने करून टाकला होता. पट्टा जरासा आत घेतला, बस्स. बाई खूश, सूची बंद. मुनीने त्याचे आभार मानले. मग खुर्चीत बसता बसता लंबू म्हणाला, ताईंना सांग, पँट न्यायला मी शनिवारी येतो.

"कुठल्या ताईंना?"

लंबू हसला. मुनी कधी नव्हे तो विनोद करतोय, असं त्याला वाटलं असावं. मुनीही बरोबर हसला. मग लंबूने पुन्हा विचारलं आणि मुनीने पुन्हा तेच सांगितलं. लंबूचं हसणं ओसरलं. तो सांगू लागला, तुझी बहीण, मशीनवर बसते ती, चष्म्याला दोरा बांधलेली. मुनीने शांतपणे ऐकून घेतलं. दोन माणसांचं काम एकट्याने केल्यावर माणूस दमतो, हे त्याला कळत होतं. तो समजावून म्हणाला की आई गेल्यापासून घरात तो आणि बाबाच आहेत, आणि मशीन म्हणशील तर दाराशी एक जुनं पडून आहे, आईचं, देऊन टाकायचं राहिलंय.

लंबू उभा होता तो हळूहळू खाली बसला. इतका उंच माणूस, पण खुर्चीत अगदी मावून गेला.

"ताईंनीच सांगितलं मला," तो म्हणाला. "दारापर्यंत सोडायला आल्या होत्या. म्हणाल्या, तो फार थकलाय, त्याचं कामावर काय अडलंय ते तुम्ही करून टाका. मी सांगितलं म्हणून त्याला कळू देऊ नका. मुनी, तू नको म्हणाला होतास. पण मी त्यांच्यासाठी केलं."

मुनीने त्याला पाणी आणून दिलं. त्याच्या खांद्यावर हात ठेवावा असं त्याला वाटलं, पण ते त्याला कधीच जमत नसे. त्याने सुचवलं, तू थोडे दिवस घरी जा, मी तुझं बघतो. लंबूने तोंड भिंतीकडे फिरवलं.

मुनी आपल्या जागी बसला. रात्रीतून काही नवे स्फोट आले होते. त्याने पहिला उघडला, आधीची शांतता शोधली, नंतरची शोधली, पट्टे ओढू लागला. मागे लंबू रडत होता. मोठ्याने नाही, एकसारखा, मधे न थांबता. सुरुवातीला त्यामुळे मुनीचं लक्ष लागेना. मग हळूहळू लागलं. दुपार होईपर्यंत त्याला तो आवाज ऐकू येईनासा झाला होता.